आधी ओठ उचला

दंतवैद्यकाच्या अभ्यासात नोमा एखाद्या परिच्छेदापुरता येतो. 'कॅन्क्रम ओरिस' हे जुनं नाव, गालाला भोक पडलेल्या मुलाचा एक कृष्णधवल फोटो आणि कारणं म्हणून कुपोषण, गोवर, अस्वच्छता. माझीही या आजाराशी ओळख तेवढीच होती. पुढे एका वैद्यकीय संस्थेच्या प्रशिक्षण पथकातून मी नायजेरियाच्या वायव्य भागात, सोकोटो परिसरात गेले. काम ठरलेलं होतं: प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना हा आजार ओळखायला आणि हाताळायला शिकवायचं. ते शिकवणं कसं घडत गेलं हे सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण मूल जगणार की जाणार आणि जगलं तर कुठल्या चेहऱ्याने जगणार, हे इथे मोठा सर्जन ठरवत नाही. गावच्या केंद्रातली, टॉर्च हातात घेतलेली बाई ठरवते.

नोमा बहुतेक २ ते ६ वर्षांच्या मुलांना होतो. सुरुवात हिरडीपासून. हिरडी सुजते, रक्त येतं, मग दातांच्या फटींमधला मांसल भाग कुजायला लागतो. तिथून गालाला सूज येते आणि त्यानंतर काही दिवसांतच गाल, ओठ, कधी नाक, जबड्याचं हाड काळं पडून गळू लागतं. उपचार न मिळालेल्या मुलांपैकी ९० टक्क्यांपर्यंत मुलं दगावतात. हा संसर्गजन्य रोग नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही. तोंडात एरवीही असणारे जंतूच, मूल कुपोषणाने किंवा गोवर, मलेरियासारख्या आजाराने खचलेलं असताना, ऊतींवर तुटून पडतात. युरोपातही हा आजार होता. लोकांना पुरेसं खायला मिळू लागलं तसा तो तिथून मागे हटला, तोही प्रतिजैविकं येण्याच्या आधी. पुढे दुसऱ्या महायुद्धात नाझी छळछावण्यांमध्ये तो पुन्हा दिसला. भुकेशी त्याचं नातं किती घट्ट आहे, हे समजायला एवढं पुरेसं आहे.

आणि तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत नोमाचं नाव यायला डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. ते यावं म्हणून नायजेरियाने पुढाकार घेतला होता. स्वतः नोमातून वाचलेल्या मुलिकात ओकानलावन आणि फिदेल स्ट्रब यांनी 'एलिझियम' ही वाचलेल्यांची संघटना उभी केली, जगभर जाऊन लोकांसमोर आपला चेहरा घेऊन उभे राहिले, त्याचाही त्यात मोठा वाटा आहे.

शिकवण्याआधी मला शिकायचं होतं. सोकोटोमध्ये १९९९ पासून खास नोमासाठीचं रुग्णालय आहे आणि २०१४ पासून 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' तिथल्या कामाला मदत करते. उपचार मोफत. अशा रुग्णांसोबत वॉर्डात उभं राहिल्यावर पुस्तकातल्या परिच्छेदात नसलेली पहिली गोष्ट कळते, ती म्हणजे वास. कुजक्या मांसाचा, गोडसर, घशाशी येणारा वास. मूल दारातून आत येण्याआधी तो येतो. आयांना तो सगळ्यात आधी जाणवलेला असतो. गाल सुजण्याच्या कितीतरी आधी 'तोंडाला वास मारतोय' असं त्यांनी घरात कुणाला तरी सांगितलेलं असतं. त्यावर कुणी म्हटलेलं असतं, दात येत असतील. कुणी म्हटलेलं असतं, वारं लागलंय. मग गावच्या वैदूचा लेप.

आयांशी बोलताना माझ्या लक्षात आलं की यातल्या बऱ्याच जणी त्या काळात आरोग्य केंद्रात गेल्या होत्या. गोवराचा ताप उतरत नव्हता म्हणून, जुलाब थांबत नव्हते म्हणून, वजन करायला म्हणून. मुलाचं वजन झालं होतं, कुपोषण तपासायला दंडाला पट्टी लावून झाली होती, मलेरियाची चाचणी झाली होती. तोंड कुणी उघडून पाहिलं नव्हतं. यात कुणाला दोष द्यायचा नाही. एका केंद्रात सकाळी चाळीस-पन्नास बायका पोरांना घेऊन बसलेल्या असतात, तपासणारी एक किंवा दोघी, आणि तोंड हा आरोग्य केंद्राच्या कामाचा भाग आहे असं त्यांना कुणी कधी सांगितलेलं नसतं. माझं प्रशिक्षण नेमकं कुठे पोहोचायला हवं, हे मला त्या आयांनी सांगितलं.

प्रशिक्षणाला येणाऱ्यांमध्ये मुख्यतः सामुदायिक आरोग्य विस्तार कार्यकर्ते होते. आपल्याकडच्या परिचारिका आणि आशाताई यांच्या मधलं म्हणता येईल असं हे पद. त्यांचं रीतसर शिक्षण झालेलं असतं, औषधं देण्याचा अधिकार असतो, आणि डॉक्टर नसलेल्या केंद्राचा सगळा भार त्यांच्यावर असतो. बऱ्याच जणी वयाने माझ्याहून मोठ्या. त्यातल्या एकीला सगळेच 'हज्जिया' म्हणायचे, तशी मीही म्हणू लागले. त्या मला 'लिकिता' म्हणजे डॉक्टर म्हणायच्या, पण कुठल्या केंद्रात काय चालतं आणि काय चालत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

आम्हाला मिळालेल्या सादरीकरणाची सुरुवात चेहऱ्यांच्या फोटोंनी होती. अर्धा गाल नसलेली मुलं, उघडे पडलेले दात, एका बाजूला ओढला गेलेला डोळा. सभागृहात पार शांतता पसरायची. एकदोघी डोळे पुसायच्या. फोटोंचा परिणाम होतो यात शंका नाही. पण तासाभराने 'नोमा कसा ओळखाल?' असं विचारलं की उत्तर यायचं, 'गालाला भोक पडलेलं असतं.' मन हेलावलं होतं आणि डोळ्यांत ठसला होता तो आजाराचा शेवट. उद्या केंद्रात हिरडीतून रक्त येणारं मूल आलं असतं तर या फोटोंशी त्याचं काहीच साम्य दिसलं नसतं. म्हणजे ते मूल 'नोमा नाही' म्हणून घरी गेलं असतं.

म्हणून आम्ही क्रम उलटा केला. पहिलं पूर्ण सत्र फक्त हिरड्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत आजाराचे शून्य ते पाच असे टप्पे दिले आहेत: साधी सुजलेली हिरडी, मग कुजणारी हिरडी, मग गालावरची सूज, मग मांस मरणं, मग व्रण आखडणं, आणि शेवटी राहिलेलं व्यंग. आम्ही पहिल्या तीनवर जवळजवळ सगळा वेळ घालवला. चेहऱ्याचा फोटो शेवटी, एकच, आणि तोही 'आपल्याला इथवर जाऊ द्यायचं नाही' हे सांगण्यापुरता.

हिरड्या शिकवताना एक अडचण आली आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं. दंतवैद्यकाच्या पुस्तकातली निरोगी हिरडी फिकट गुलाबी आणि आजारी हिरडी लालभडक असते. इथे समोर बसलेल्या बहुतेकींच्या स्वतःच्या हिरड्या गडद तपकिरी, काही ठिकाणी जवळजवळ काळ्या, आणि पूर्णपणे निरोगी. त्यांच्या गावातल्या मुलांच्याही तशाच. अशा हिरडीवर लाली शोधायला सांगणं म्हणजे न दिसणारी खूण शोधायला सांगणं. शिवाय 'काळं पडणं' हे नोमाचं लक्षण म्हणून शिकवलं तर निरोगी मुलांना पुढे पाठवलं जाईल, ती भीती वेगळीच.

मग आम्ही रंग सोडून आकारावर आलो. दोन दातांच्या मध्ये हिरडीचं एक टोक वर आलेलं असतं, छोट्या त्रिकोणासारखं. निरोगी तोंडात ते टोकदार असतं. साध्या सुजेत ते फुगीर, गोलसर होतं आणि बोट लावलं की रक्त येतं. नोमाच्या पहिल्या टप्प्यात ते टोकच खाल्लं जातं. त्रिकोणाच्या जागी खळगा दिसतो, त्यावर राखाडी, ओलसर पापुद्रा असतो, आणि रक्त स्पर्शाशिवायही येतं. आम्ही छोटे आरसे वाटले आणि प्रत्येकीला स्वतःच्या खालच्या पुढच्या दातांमधले त्रिकोण मोजायला लावले. मग जोड्या करून एकमेकींचे. सुरुवातीला हसणं, लाजणं झालं, हिजाब सावरून तोंडासमोर हात धरणं झालं. पण त्यानंतर आजारी हिरडीचा फोटो दाखवला की मागच्या रांगेतूनही उत्तर येऊ लागलं: 'टोक गेलंय.'

लहान मुलांमध्ये नागिणीच्या जातीच्या विषाणूनेही हिरड्या सुजतात, तापही असतो, त्यामुळे गोंधळ होतो. तिथे बारीक फोड येऊन फुटतात, ते जिभेवर, ओठांवर, टाळूवर कुठेही असतात आणि हिरडीची टोकं शाबूत असतात. एवढा फरक त्यांना पुरतो. सगळी पाठ्यपुस्तकी यादी द्यायची गरज नसते.

बघायचं काय हे कळलं तरी बघायचं कसं हा प्रश्न उरतोच. दुखऱ्या हिरडीचं मूल तोंड उघडत नाही. 'बुडे बाकी', तोंड उघड, म्हटलं की ते आईच्या कुशीत तोंड खुपसतं. मी शिकवत होते ती पद्धत दवाखान्यातली, खुर्ची आणि दिवा असलेली. हज्जियांनी पुढे येऊन त्यांची करून दाखवली, आणि मी ती पुढच्या प्रत्येक गटात शिकवली. आईला भिंतीला टेकून बसवायचं. मुलाची पाठ आईच्या पोटाला, डोकं तिच्या छातीवर, आईचा एक हात मुलाच्या दोन्ही हातांवरून. तपासणारीने समोर, मुलाच्या उंचीला येऊन बसायचं. हात आईसमोर धुवायचे, हातमोजा घालायचा. टॉर्चचा उजेड आधी मुलाच्या तळहातावर पाडायचा, त्याला खेळू द्यायचं. मग तोंड उघडायला सांगायचंच नाही. अंगठ्याने खालचा ओठ हलकेच खाली, मग वरचा ओठ वर. पुढच्या दातांच्या हिरड्या दात मिटलेले असतानाच दिसतात. त्यानंतर करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवून गाल बाहेरच्या बाजूला ओढायचा, की दाढांकडचा भाग आणि गालाची आतली बाजू दिसते. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण हा आजार आतून बाहेर येतो. गालाच्या कातडीवर निळसर-काळा डाग उमटतो तोवर आतलं मांस आधीच गेलेलं असतं. सगळं मिळून अर्धं मिनिट लागतं. मूल रडलं तर उलट आतलं आणखी नीट दिसतं, असं हज्जिया म्हणायच्या.

आईला विचारायचे प्रश्नही त्यांनीच बसवले. माझ्या यादीत 'हिरडीतून रक्त येतं का?' असा प्रश्न होता. त्यावर बहुतेक आया 'नाही' म्हणतात, कारण त्यांनी हिरडी पाहिलेलीच नसते. हज्जियांचा प्रश्न होता, 'सकाळी उठल्यावर ताबर्मावर, म्हणजे चटईवर, तोंडाच्या जागी डाग असतो का?' याला लगेच उत्तर मिळतं. दुसरा प्रश्न, 'लाळ जास्त गळतेय का?' तिसरा, 'कालपर्यंत खात होता ते आज नको म्हणतोय का?' आणि चौथा वासाबद्दल. तो मात्र शेवटी, आईला ओशाळवाणं वाटणार नाही अशा आवाजात.

सुजेच्या टप्प्यावर सगळ्यात जास्त वाद झाले, आणि ते व्हायला हवे होते. इथे तीव्र कुपोषणाची मुलं रोज येतात आणि त्यातल्या काहींचे चेहरे सुजलेले असतात. मग ही सूज कुपोषणाची की नोमाची? कुपोषणाची सूज दोन्ही बाजूंना सारखी असते, दुखत नाही, आणि पावलांवरही असते. पावलावर अंगठा दाबून धरला की खड्डा पडतो. नोमाची सूज बहुधा एकाच गालावर, गरम, ताणलेली, हात लावू न देणारी. पण एकाच मुलाला दोन्ही असू शकतात, आणि ते मूल सगळ्यात धोक्यात असतं. दुसरी गल्लत दाढेच्या गळवाशी होते. तिथे आत बघितलं की किडलेला दात सापडतो, हिरडीची टोकं मात्र जागेवर असतात. म्हणजे परत तेच. चेहरा कसाही सुजलेला असो, ओठ उचलल्याशिवाय निर्णय नाही.

उपचारांचा भाग मी थोडक्यात सांगते, कारण शिकवायलाही तो सोपा गेला. साध्या सुजलेल्या हिरडीसाठी मीठपाण्याने तोंड धुणं किंवा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, दात स्वच्छ ठेवायची सवय आणि खाणं सुधारणं. लहान मुलाला गुळणी जमत नाही, तेव्हा औषधात भिजवलेल्या गॉजने हलक्या हाताने हिरड्या पुसायच्या. हिरडीची टोकं गेली असतील तर त्याच दिवशी अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविकं, जीवनसत्त्व 'अ', ताप आणि दुखण्यावर औषध, मलेरियाची तपासणी, दंडाचा घेर, गरज असेल तर पोषण आहाराच्या कार्यक्रमात नोंद, आणि दोन दिवसांनी पुन्हा ओठ उचलून बघणं. ही सगळी औषधं साधी आणि स्वस्त आहेत, बहुतेक केंद्रांच्या कपाटात असतात. गालाला सूज आलेली असेल तर पहिला डोस देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. थांबायचं नाही, 'उद्या बघू' म्हणायचं नाही.

मात्र 'पाठवायचं' हा शब्द कागदावर जितका सोपा आहे तितका तिथल्या रस्त्यावर नाही. बाईला नवऱ्याची परवानगी लागते, तो कामासाठी दुसऱ्या गावी असतो. घरी आणखी चार मुलं असतात. भाड्याचे पैसे नसतात. सशस्त्र टोळ्यांच्या भीतीने काही रस्त्यांवरून दुपारनंतर कुणी जात नाही. यावर प्रशिक्षणातून सगळी उत्तरं मिळणार नव्हती, पण एक गोष्ट जमली. प्रत्येकीने आपल्या भागात परवानगी कुणाच्या शब्दाने मिळते, गाडी कुणाची आहे आणि रुग्णालयात फोन कुणाला करायचा, ही तीन नावं चिठ्ठीवर लिहून केंद्राच्या भिंतीवर लावली. गावप्रमुख, इमाम, मोटरसायकलवाला. ज्या गावांत वैदूंना बोलावून आम्ही हिरड्यांचे तेच फोटो दाखवले, तिथे तेही या साखळीत आले. आया आधी त्यांच्याकडेच जातात, मग त्यांना बाहेर ठेवून हे काम कसं होणार?

शेवटच्या सत्रात नोमातून वाचलेली एक तरुणी बोलायला यायची. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या. ती आजाराबद्दल कमीच बोलायची. जबडा आखडल्यामुळे लहानपणी दातांच्या फटीतून पेज ओढून घ्यावी लागायची, पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवायचे, शाळेत कधी घातलंच नाही, असं सांगायची. मग ती चपट्या लाकडी पट्ट्यांचा जुडगा काढून दातांमध्ये धरून दाखवायची. जखम भरत असताना रोज व्यायाम करून, एकेक पट्टी वाढवत जबडा उघडा ठेवावा लागतो, नाहीतर तो कायमचा मिटतो. हे उशिरा आलेल्या मुलांसाठी केंद्रातही करता येतं, महागडं काही लागत नाही. शस्त्रक्रिया नंतरची गोष्ट. त्यासाठी जखम पूर्ण भरावी लागते आणि मूल अंगाने भरावं लागतं. एका शस्त्रक्रियेत भागतंच असं नाही. तिचं बोलणं संपल्यावर कर्मचारी जे प्रश्न विचारायचे, ते मला कुठल्याही लेखी चाचणीपेक्षा जास्त सांगून जायचे.

प्रशिक्षणानंतर केंद्रांना भेटी देणं हा माझ्या मते खरा प्रशिक्षणाचा भाग आहे, आणि निधी कमी पडला की आधी त्याच्यावरच कात्री चालते. ते माझ्या मनाला फार लागतं. सभागृहात शिकलेलं गर्दीच्या सकाळी टिकतं का, हे भेटीतच कळतं. एका केंद्रात टॉर्चचे सेल संपले होते. एका ठिकाणी मेट्रोनिडाझोलचं सरबत संपलं होतं, गोळ्या होत्या, त्या कुटून साखरपाण्यातून देता येतात हे तिथेच करून दाखवलं. सगळ्यात उपयोगी पडला तो नोंदवहीतला एक रकाना. वजन आणि दंडाच्या घेराशेजारी हाताने रेघ मारून 'तोंड' असा रकाना बनवला, कारण रिकामा रकाना डोळ्यांना खुपतो आणि हात आपोआप ओठाकडे जातो. छापील नोंदवहीत तो यावा म्हणून आम्ही वरपर्यंत लिहून कळवलं. तो अजून यायचा आहे. तोवर रेघा हातानेच मारल्या जात आहेत.

आधी मला फोनवर येणारे फोटो सुजलेल्या गालांचे असायचे. एके दिवशी हज्जियांकडून आलेल्या फोटोत चेहराच नव्हता. अंगठ्याने खाली धरलेला ओठ, टॉर्चचा उजेड, चार खालचे दात आणि त्यांच्यामधले दोन राखाडी खळगे. तीन वर्षांचा मुलगा, गोवर होऊन गेलेला, आई धाकटीचं वजन करायला आली होती. हज्जियांनी मला 'काय करू' असं विचारलंच नव्हतं. औषधं सुरू करून झाली होती, दोन दिवसांनी बोलावलं होतं, धाकटीचेही ओठ उचलून बघून झाले होते. मग तिसऱ्या दिवशी निरोप आला की वास गेलाय, पोरगा पेज पितोय. त्यासोबत एक प्रश्न होता, जो त्याच्या आईने विचारला होता: गेलेली टोकं परत येतील का?

मी लिहिलं, पूर्वीसारखी बहुधा नाही येणार, तिथे थोडी फट राहील. पण दात राहतील, गाल राहील. हा प्रश्न मी पुढच्या गटाच्या सत्रात घेतला, कारण पहिल्या टप्प्यातली मुलं सापडू लागली की प्रत्येक आई तो विचारणार.